मदत हवी आहे : सावंतवाडीत मुक्काम ठेवून मालवण, आंबोली, वेंगुर्ला कसं जमवावं?

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन कोकणात जायचंय, रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरून तिथेच तीन-चार दिवस मुक्काम आणि रोज सकाळी निघून रात्री परत असं डोक्यात आहे. रोज हॉटेल बदलून बॅगा भरायला लावणं आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून हा हट्ट.

एक दिवस मालवण नक्की. सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आईला बघायचेच आहेत, लहानपणापासून ऐकत आलीये ती. पण जेट्टीवरून होडीत चढताना-उतरताना वयस्कर माणसाला कितपत त्रास होतो? आणि ओहोटीला गेलेलं बरं की भरतीला? किल्ल्यानंतर त्याच दिवशी तारकर्ली होईल का, की उगाच धावपळ?

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ला, तिथून शिरोड्याची मिठागरं (१९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा, बाबांना तिथे जायचंच आहे), रेडीचा गणपती आणि वेळ उरला तर तेरेखोलचा किल्ला. हा रूट मला तरी सरळ वाटतोय, चुकत असेल तर सांगा.

खरा प्रश्न आंबोलीचा. पावसाळा संपल्यावर धबधब्याला पाणी फारसं नसणार हे माहितीये, तरी हिरण्यकेशी आणि कावळेसाद पॉइंटसाठी घाट चढून जावं का? धुकं सकाळी जास्त की संध्याकाळी?

दिवसभरासाठी गाडी ड्रायव्हरसकट साधारण कितीला मिळते तेही कुणीतरी सांगा प्लीज, बुकिंग याच आठवड्यात करायचंय.