लेफ्ट जॉईन केल्यावर ग्राहकाचा आयडी नल येतो

प्रश्न
मायएसक्यूएल आणि पीएचपी, जोडणी पीडीओने (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी). टेबलं दोन: ग्राहक (आयडी, नाव, तारीख) आणि बिल (आयडी, ग्राहक_आयडी, रक्कम, तारीख).

सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक लेफ्ट जॉईन बिल ऑन बिल.ग्राहक_आयडी = ग्राहक.आयडी

कमांड लाइनवर दोन्ही आयडी दिसतात. फेच_असोकने (प्रत्येक ओळ कॉलमच्या नावांच्या ॲरेत देणारा पीडीओचा पर्याय) घेतलं की एकच मिळतो, तोही बिलाचा. ज्यांचं एकही बिल नाही त्यांचा आयडी चक्क नल, म्हणजे रिकामा. टेबलातला डेटा तपासला, तो बरोबर आहे.

उत्तर
डेटाबेस दोन्ही कॉलम पाठवतोय, गडबड फेच_असोकमध्ये होते. ॲरेत एका नावाची एकच की राहते. कॉलम डावीकडून उजवीकडे भरले जातात, त्यामुळे नंतर आलेला बिलाचा आयडी आधीच्यावर बसतो. लेफ्ट जॉईनमध्ये डाव्या टेबलाची ओळ राहतेच; बिल नसेल तर उजवी बाजू पूर्ण नल, म्हणून ग्राहकाचा आयडीही नल दिसतो.

तारखेचंही हेच होतंय, आणि ते जास्त घातक. नल निदान डोळ्यांत खुपतो. इथे नोंदणीची तारीख म्हणून बिलाची तारीख छापली जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. स्टार काढा, कॉलमांना वेगळी नावं द्या:

सिलेक्ट ग.आयडी ॲज ग्राहक_आयडी, ग.नाव, ग.तारीख ॲज नोंदणी_तारीख, ब.आयडी ॲज बिल_आयडी, ब.रक्कम, ब.तारीख ॲज बिल_तारीख
फ्रॉम ग्राहक ग लेफ्ट जॉईन बिल ब ऑन ब.ग्राहक_आयडी = ग.आयडी

ही नावं ऑर्डर बायमध्ये चालतात, व्हेअरमध्ये नाही. तिथे बिल_तारीख लिहिलं की एरर १०५४, ब.तारीख असंच लिहा.

दुसरं उत्तर
ग्राहक टेबलातल्या आयडीचं नाव ग्राहक_आयडी केलंत तर ऑनऐवजी यूजिंग (ग्राहक_आयडी) लिहिता येईल. मग स्टार ठेवूनही तो कॉलम एकदाच येतो, आणि लेफ्ट जॉईनमध्ये त्यात डाव्या टेबलाची किंमत असते. तारखेची टक्कर मात्र राहतेच. नॅचरल जॉईनच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ती सारख्या नावाचे सगळे कॉलम जुळवते; तुमच्या आत्ताच्या टेबलांत आयडी = आयडी आणि तारीख = तारीख अशी अट लागेल, आणि एररही येणार नाही.

प्रश्नकर्ता
वेगळ्या नावांनी काम झालं. पण स्टारवाल्या त्याच क्वेरीचा व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) करायला गेलो तर एरर १०६०, डुप्लिकेट कॉलम नेम. नुसती चालते, मग व्ह्यूमध्ये का अडते?

उत्तर
नुसत्या निकालात एकाच नावाचे दोन कॉलम चालतात. व्ह्यू किंवा फ्रॉममधली सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) मात्र टेबलासारखी वापरली जाते, आणि टेबलात ते चालत नाही. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस अशी सबक्वेरी चालवून घेतो, पण बाहेरून आयडी मागितला की ॲम्बिग्युअस (नक्की कोणता ते कळत नाही) म्हणून थांबतो. व्ह्यू तिथेही होत नाही. वरचीच नावं व्ह्यूच्या आत द्या. जुन्या कोडमध्ये टक्कर कुठे आहे ते शोधायचं असेल तर निकालाची एक ओळ फेच_असोकऐवजी फेच_नेम्डने काढून प्रिंट_आरने छापून बघा. ज्या नावापुढे एका किमतीऐवजी ॲरे दिसेल, ते नाव दोनदा आलंय.