मदत हवी आहे: सीझनच्या शेवटी ३ दिवस स्कीइंग, ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेल घ्यावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं आणि ९ वर्षांची लेक, स्प्रिंगमध्ये ३ दिवस स्कीइंगला जायचं म्हणतोय, डोंगरावरच्याच ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलात. मागच्या वेळी सगळं पॅकेजमध्ये आहे म्हणून निर्धास्त गेलो तर लिफ्ट पास (उतारांच्या वर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट) वेगळा, स्की-बुटांचं भाडं वेगळं, लेकीचा क्लासही वेगळा, खोली आणि जेवणखाण तेवढं त्यांचं. तर बुकिंगआधी काय काय लेखी घ्यावं?

खरी काळजी बर्फाची आहे. रात्री गोठल्यामुळे सकाळी उतार काचेसारखा कडक, अकराच्या सुमारास मस्त मऊ आणि दुपारी दोननंतर नुसता ओला चिखल, त्यातच लेकीची स्की रुतली नि गुडघा पिरगळला, तिचं ते कळवळणं आठवलं की अजून पोटात गोळा येतो. उंचावर आणि सावलीतल्या उतारांवर बर्फ जास्त टिकतो हे माहितीये, पण मग २००० मीटरच्या वरचं हॉटेल घ्यावं की खाली राहून लिफ्टने वर जावं? एवढ्या उंचीवर पहिल्या रात्री मुलांना झोप लागते का नीट?

आणि हो, ऊन! ताजा बर्फ ८०% पर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, मला तर हनुवटीच्या खाली भाजलं होतं, जिथे क्रीम लावायचं डोक्यातच आलं नव्हतं. मुलांना कितव्या एसपीएफचं लावता, आणि दर किती वेळाने?

कुणी लहान मुलांना घेऊन स्प्रिंगमध्ये गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, या आठवड्यात बुकिंग करायचंय.