व्हिएतनामला तीन महिने, अडीच लाखांत बसेल का? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-२०४ (सर): मंडळी, मी आणि ही, दोघंच. जून ते ऑगस्ट तिथल्या दा नांग शहरात राहायचा विचार आहे. हिंडायची हौस नाही, एकाच जागी घर घेऊन राहायचं. सगळं धरून अडीच लाख. जमेल, की नुसतंच मनोराज्य?

ए-३०१: सर, जमेल. महिनेही बरोबर निवडलेत. रत्नागिरीत पाऊस झोडपत असतो तेव्हा दा नांग कोरडं असतं. त्यांचा पाऊस सप्टेंबरपासून, वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पण जून-जुलैचं ऊन कडक, पारा ३५च्या वर सहज. एसी लागणारच, आणि हिशोब कोलमडतो तो तिथे. विमानाच्या तिकिटावर सगळे डोकं लावतात, वीजबिल कोणी विचारत नाही.

बी-२०४ (सर): वीज भाड्यात नसते?

ए-३०१: बहुतेक नसते. एका खोलीचा फ्लॅट, स्वयंपाकाच्या ओट्यासकट, महिन्याला ६० ते ९० लाख डाँग. दचकू नका, रुपयाला साधारण ३०० डाँग धरा, म्हणजे २० ते ३० हजार रुपये. वीज वेगळी, मालक युनिटला ३,५०० ते ४,००० डाँग लावतात, म्हणजे १२-१३ रुपये. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रीचे आठ तास चालला तर पाच-सहा युनिट, महिन्याला दोन हजार रुपये. दिवसभर चालवलात तर तिप्पट. चावी घेतानाच मीटरचा फोटो काढा, आकडा आणि तारीख मालकाला मेसेजवर पाठवून ठेवा. भिंती, गादी, फ्रिज यांचा व्हिडिओही त्याच दिवशी, कारण एक महिन्याचं डिपॉझिट त्याच्याकडे असतं. पाणी, वायफाय, साफसफाई भाड्यात की बाहेर, हेही आधीच.

इथून तीन महिन्यांचं घर बुक करू नका. चार-पाच रात्री साधं हॉटेल घ्या आणि पायी फिरून शोधा. अन थुओंगकडे परदेशी लोकांची गर्दी, म्हणून भाडं चढं. सोन त्रा किंवा नदीपलीकडे हाय चाउला उतरतं. आणि एक नक्की विचारा : पोलिसांत तात्पुरत्या वास्तव्याची नोंद मालक करणार ना? ते काम त्याचं असतं. ‘गरज नाही हो’ म्हणाला तर ते घर सोडा.

सी-१०२: व्हिसाचं मी सांगते. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. तुम्हाला २५वाला पुरे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असतं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत आहे तसंच टाका, मधलं नाव गाळू नका. एक अक्षर चुकलं तर फी परत नाही, अर्ज नव्याने. अर्जातल्या तारखेच्या आधी उतरता येत नाही.

दिवस मोजताना पोहोचण्याचा आणि निघण्याचा दोन्ही धरा. ५ जूनला उतरलात तर नव्वदावा दिवस २ सप्टेंबर. त्या दिवशी त्यांचा राष्ट्रीय दिन, आजूबाजूला तिकिटं महाग. २७-२८ ऑगस्टला निघा. परतीचं तिकीट आधीच काढा, मुंबईत काउंटरवर मागतात.

बी-२०४ (काकी): म्हणजे गणपतीला घरी! यंदा १४ सप्टेंबर ना?

सी-१०२: हो काकी. पण ऑगस्टअखेरच्या मुंबई-रत्नागिरी गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तुम्ही तिकडे. घरच्या कोणाला तरी तारीख लिहून द्या. आणि जाताना विमानाच्या दिवशीच गाडीने निघू नका. दरड आली की कोकण रेल्वे खोळंबते, स्वस्त तिकिटाचे पैसे परत नाहीत.

डी-४०३: पैशांचं. भारतातल्या फॉरेक्स कार्डांत (आधी परकीय चलन भरून नेतात ती) डाँग भरता येत नाहीत. डॉलर भरले तर खर्च करताना पुन्हा बदलावे लागतात आणि वर शुल्क. मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क) नसलेलं डेबिट कार्ड घ्या, आंतरराष्ट्रीय वापर ॲपमधून चालू करा, तो मुळात बंद असतो. एटीएमने ‘रुपयांत हिशोब करू का’ विचारलं तर नाही म्हणा, तो दर तोट्याचा असतो. थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम काढा, कारण शुल्क दर वेळी. सोबत काही कोऱ्या १०० डॉलरच्या नोटा. चुरगळलेल्यांना दर कमी मिळतो.

२०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर. टॅक्सीत अंधारात पंचवीसपट देऊन बसाल. पाच लाखांच्या वेगळ्या कप्प्यात.

भारतातलं सिम रोमिंग चालू ठेवूनच न्या, ओटीपी त्यावरच. रिचार्ज संपला तर तीन महिने बँक बंद समजा.

ए-१०४ (वहिनी): काकी, स्वयंपाकाचं. तिथल्या फ्लॅटमध्ये बहुधा इंडक्शन असतं, ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. स्टीलचा तीन लिटरचा, इंडक्शनच्या बुडाचा न्या. तांदूळ, तांदळाचं पीठ, मूग, ओला नारळ सगळं मिळतं. तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं इथून. ताजी फळं नकोत, हापूसही नको. आणि सुकं खोबरं सामानात अजिबात नाही! तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं, विमानतळावर काढून ठेवतात. बाहेर शाकाहारी हवं तर ‘चाय’ हा शब्द शिका, नुसती भाजी मागितली तर तिच्यातही माशांचा रस्सा असतो.

बी-२०४ (काकी): आम्हाला माशांचं काय वावडं गो! मंगळवार तेवढा सांभाळायचा.

ए-३०१: ढोबळ हिशोब : तिकिटं ५०,००० (ऑफर बघून), व्हिसा ४,५००, घर-वीज ९०,०००, खाणं ५०,०००, विमा-औषधं २०,०००, बस-ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) १५,०००. वर वीसेक हजार शिल्लक, त्याला हात लावू नका. विमा घेताना सरांचं बीपी आधीच लिहा. लपवलं तर ऐनवेळी दावा नाकारतात. गोळ्या ९० नव्हे, १०० दिवसांच्या, मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

ॲडमिन: सर, जाण्याआधी मेंटेनन्स तीन महिन्यांचा आगाऊ आणि गॅस-पाण्याचे कॉक बंद. चावी वॉचमनकडे नको, ए-१०४ मध्ये द्या.