पंगतीत बसून माणसांचे गुणक मोजू लागले आहे. तुमच्यापैकी कोणाला असं झालं आहे का?

प्रश्न: म्हापशाची वकील

नमस्कार. गेली 11 वर्षं मी मोटार अपघात भरपाईचे दावे चालवते, जवळजवळ सगळे अर्जदारांच्या बाजूने. गेलेल्या माणसाच्या वर्षाच्या कमाईला त्याच्या वयानुसार ज्या आकड्याने गुणून भरपाई काढतात, तो गुणक.

गेल्या महिन्यात म्हार्दोळला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला बसले होते. आमच्याच वाड्यावरचा एक मोटारसायकल पायलट, म्हणजे भाड्याने दुचाकीवर माणसं नेणारा, वाढत होता, चौतीस वर्षांचा. पानात वरण पडेपर्यंत, तो अपघातात गेला तर भरपाई किती, हा हिशेब माझ्या डोक्यात पुरा झाला होता. महिना 15,000, भविष्यातली वाढ 40 टक्के, घरात चार माणसं अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, वर्षाचे 1,89,000, गुणक 16. तीस लाख चोवीस हजार. तो मात्र हसत विचारत होता, ‘बाय, आणखी भात?’ मला घास गिळता येईना. उठून बाहेर गेले.

ऑफिसात मला काहीच वाटत नाही. पोस्टमॉर्टेमचा कागद डब्याशेजारी ठेवून वाचते. पण नवरा वेर्ण्याला दुसऱ्या पाळीत असतो, आणि रात्री त्याचा फोन लागला नाही तर मी दारातच उभी राहते.

एक फरक मला स्पष्ट दिसतो. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली. त्याआधी लोक वर्षा-दीड वर्षाने यायचे, तोवर थोडे सावरलेले असायचे. आता बारावा उरकला की येतात. एका आईला मी समजावत होते की मुलाच्या वियोगाबद्दल आजच्या दराने 48,400 रुपये धरले जातात. तिने शांतपणे विचारलं, ‘हे कोणी ठरवलं?’ मी निकालाचं नाव आणि 2017 हे वर्ष सांगितलं, 40,000 वर दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ कशी होते तेही सांगितलं. उत्तर कायद्याने अचूक होतं. ते देताना माझा आवाज जराही हलला नाही, याचीच मला भीती वाटते.

हे बोलायचं कोणाजवळ? अशिलाची गोष्ट बाहेर काढायची नाही, हे आपल्या रक्तात आहे. तुम्ही काय करता?

उत्तर: मडगावचा वकील, 28 वर्षं

वकीलबाई, पंगतीतला हिशेब मलाही व्हायचा. गुणक पाठ झाला म्हणून असं होतं असं मला वाटत नाही. माणूस फक्त गुणकापुरताच आपल्यासमोर येतो, तेव्हा होतं.

माझा एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, अशील होता. गुडघा निकामी झाला. सर्टिफिकेटवर अपंगत्व 30 टक्के, आणि विमा कंपनीचे वकील तेवढंच धरून बसले. मी त्याच्या घरी गेलो. अंगणात काथ्याचा दोर टांगलेला होता, त्याला त्याने सहा महिने हात लावला नव्हता. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल वाचून मला पाठ होता: शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. पण त्या दोराशेजारी उभं राहिल्यावर तो निकाल मला पहिल्यांदा कळला. गुडघा वाकत नसेल तर माडावर चढणाऱ्याचं नुकसान शंभर टक्केच. डॉक्टरांची साक्ष मी त्याच अंगाने घेतली.

तेव्हापासून पुरावा सुरू होण्याआधी एकदा तरी अशिलाच्या घरी जातो. वेळ जातो, ज्युनियर कुरकुरतात. पण साक्ष पक्की होते आणि मला झोप लागते. अपघाताचे फोटो मात्र फक्त सकाळी, ऑफिसात पाहतो. घरी नेत नाही.

उत्तर: बांबोळीत समुपदेशक

ताई, वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे आघात ऐकणाऱ्याला स्वतःलाही आघाताची लक्षणं दिसू शकतात. बधिरपणा, दचकणं, घरच्यांबद्दल सतत धास्ती. आमच्या वॉर्डातल्या परिचारिकांत मी हे पाहते. तुम्ही दारात उभ्या राहता ते किती दिवसांपासून, झोप किती तुटते, हे कोणीतरी नीट विचारायला हवं. अशिलाच्या घरी जाण्याच्या उपायाने ते भागेलच असं नाही.

बांबोळीच्या मनोविकार संस्थेत ओपीडी आहे. तिथे यायला संकोच वाटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत.

गुप्ततेचं म्हणाल तर अशिलाचं नाव, गाव, केस, काही सांगावं लागत नाही. ‘फोन लागला नाही की मी दारात उभी राहते’ हे वाक्य तुमचं आहे, अशिलाचं नाही.

उत्तर: केप्याचा ज्युनियर

मॅडम, मला तीनच वर्षं झाली आहेत. मागच्या पावसाळ्यात लहान मुलाच्या मृत्यूची फाईल आली. सीनियरना सांगितलं, तर ते म्हणाले, सवय होईल. तुमचा प्रश्न वाचून वाटलं, सवय व्हायला नको होती. मडगावच्या सरांना विचारतो, अशिलाच्या घरी जाताना मला एकदा सोबत न्याल का?

उत्तर: मडगावचा वकील

ये. शनिवारी कुडचड्याला जायचं आहे. काळा कोट नको.

म्हापशाची वकील

सगळ्यांचे मनापासून आभार. बांबोळीच्या ताई, तुमचं ते शेवटचं वाक्य मी डायरीत लिहून घेतलं आणि काल रात्री 14416 ला फोन केला. वीसेक मिनिटं बोलले, त्यातली बरीचशी रडण्यात गेली. सोमवारी ओपीडीला जाते आहे.

आणि त्या आईकडे गेले. पर्रा. तिने चहा केला. मुलाच्या खोलीत त्याची फुटबॉलची बुटं अजून खिडकीत आहेत, चिखलासकट. ती कोणालाही धुवू देत नाही. रक्कम तीच राहणार, ते तिला माहीत आहे आणि मलाही. तिच्या प्रतिज्ञापत्राचा दुसरा परिच्छेद मी काल पुन्हा लिहिला. त्यात आता तो काय खेळायचा तेही आहे.