मदत हवी आहे : सरसाने बसवलेल्या नक्षीत मधोमध फुगे येतात

नमस्कार मंडळी. काम सांगलीत सुरू आहे. १९ मिमी प्लायवर सागवान-शिसवाच्या ०.६ मिमी विनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) नक्षी, गरम सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने). सरसाचे दाणे वजनाच्या दीडपट थंड पाण्यात रात्रभर भिजवून पाण्याच्या भांड्यात ६० अंशांवर ठेवतो. उकळी येऊ देत नाही, पकड जाते.

नक्षी विनियरच्या हातोडीने (ओलं करून दाबत घासायचं हत्यार) बसवत नाही, कारण ओलाव्याने तुकडे फुगून सांधे सरकतात. त्यामुळे वरून कागद, त्यावर तापवलेला ३ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, मग फळी आणि कडेने ८ क्लॅम्प. मागच्या बाजूलाही विनियर आहे, नाहीतर फळी वाकते.

तरी दुसऱ्या दिवशी नखाने टिचकी मारली की मधोमध पोकळ आवाज येतो, कडा मात्र पक्क्या. ओलं फडकं आणि इस्त्रीने सागवान बसतं, शिसवाचा तुकडा पुन्हा उठतो. शिसवात तेल असतं, म्हणून ॲसिटोनने पुसून पाहिलं. थोडा फरक पडला.

विचारायचंय ते असं : मध्ये किंचित फुगीर रंधलेल्या आडव्या पट्ट्या टाकून आधी मधले क्लॅम्प आवळावेत का? की सरसच लवकर गोठतोय? तसं असेल तर सरस उशिरा गोठावा म्हणून युरिया कोरड्या सरसाच्या किती टक्के घालता, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत पकड टिकते का?