चर्चा: वॉरक्राफ्टमध्ये दुर्मिळ गोष्टी स्वस्त झाल्या, त्याचं दुःख नाही. त्यांचा पत्ता हरवला, त्याचं आहे

टॉरेनराव

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. मी अगदी पहिल्या दिवसापासूनचा नाही, पण जुन्या अझेरॉथमध्ये (खेळातल्या जगात) पायी भरपूर हिंडलोय. 'पायी' खरोखरच, कारण तेव्हा चाळिसाव्या लेव्हलपर्यंत बसायला काही मिळत नसे, आणि मिळालं तरी पहिल्या माउंटचे, म्हणजे बसायच्या प्राण्याचे, पैसे जमवता जमवता नाकी नऊ यायचे.

नव्या मंडळींना एक गोष्ट सांगितली तर खोटी वाटेल. २००८ पर्यंत माउंट ही पिशवीतली वस्तू होती. लगाम पिशवीत एक खण अडवून बसायचा. दुसरा घोडा मिळाला की दुसरा खण गेला. छोटे पाळीव प्राणी, गिल्डचे (खेळाडूंच्या गटाचे) टॅबार्ड म्हणजे चिन्हाचे अंगरखे, सणासुदीला मिळालेल्या गमतीच्या वस्तू, सगळ्यांचा हाच हिशोब. बँक भरली की बसून ठरवायचं: हा कोळ्याच्या जाळ्याचा गठ्ठा विकायचा की तो निळा पोपट? जमवणाऱ्याला दर आठवड्याला कशावर तरी पाणी सोडावं लागायचं.

मग सोयी येत गेल्या. २००८ मध्ये माउंट आणि पेट पिशवीतून यादीत गेले. २०१२ मध्ये ती यादी एका कॅरेक्टरची न राहता पूर्ण अकाउंटची झाली. २०१४ मध्ये टॉय बॉक्स (गमतीच्या वस्तूंची यादी), २०१६ मध्ये कपड्यांचं कपाट (जुन्या क्वेस्टचं जे बक्षीस आपण कधीच विकून टाकलं होतं, त्याचंही रूप परत मिळालं, हे मात्र झकास), २०२४ मध्ये वॉरबँड (अकाउंटमधल्या सगळ्या कॅरेक्टरांची सामाईक बँक वगैरे). यातला एकही बदल मला मागे घ्यायला नकोय, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पहिल्याच प्रतिसादात 'मग क्लासिक (जुनी आवृत्ती) खेळा' असं कोणी म्हणायला नको.

माझं म्हणणं वेगळं आहे. वस्तू मिळण्याला पूर्वी एक जागा असायची. थेकलचा वाघ, म्हणजे त्या बॉसला पाडून मिळणारं माउंट, म्हटलं की झुल'गुरूबची रेड (अनेकांनी मिळून करायची चढाई). दुसरीकडे कुठे तो मिळतच नव्हता. २०१० मध्ये 'कॅटॅक्लिझम' हा विस्तार (खेळाचा नवा भाग) आला, त्यात डेथविंग या ड्रॅगनने जग फोडलं, थाउजंड नीडल्सच्या दरीत पाणी भरलं, बॅरन्सचे दोन तुकडे झाले, ऑबरडीन गेलं, आणि त्याच तडाख्यात जुनं झुल'गुरूबही बंद झालं. वाघ गेला. पुढे २०१२ पासून तो कधीमधी खेळातल्या काळ्या बाजाराच्या लिलावात दिसू लागला. म्हणजे वाघ आहे, जागा नाही. सोन्याच्या नाण्यांचा ढीग ओता आणि न्या.

२०२४ च्या मे ते ऑगस्टमध्ये पँडारियाचं 'रीमिक्स' (तो जुना विस्तार काही काळापुरता नव्या रूपात) आलं तेव्हा याचं टोक गाठलं गेलं. शा ऑफ अँगर या राक्षसाचा काळा मेघसर्प, ज्याच्यासाठी लोक वर्षानुवर्षं कुन-लाईच्या डोंगरावर हजेरी लावत होते, तो दुकानदाराकडे ब्राँझ (रीमिक्समधलं चलन) मोजून मिळायला लागला.

दुर्मिळ वस्तू सोपी करावी का? जरूर करावी. दहा-बारा वर्षं झाल्यावर कोणाला अडवून ठेवायचं? पण जी वस्तू जिथली आहे, तिथेच मिळू द्या. ड्रॉप (वस्तू पडण्याची शक्यता) वाढवा, वाटल्यास शंभर टक्के करा. दुकानाच्या फळीवर मांडू नका. एवढंच.

हिलरबाई

असहमत.

टॉरेनराव, तुमच्या डोक्यात कुन-लाईचं जे चित्र आहे ते पहिल्या काही महिन्यांचं आहे. तेव्हा खरंच गर्दी असायची, अनोळखी लोक एकत्र मरायचे, शिव्या द्यायचे, पुन्हा पळत यायचे. पण त्यानंतरची दहा वर्षं काय होतं? डोंगराच्या उतारावर, शा उगवतो त्या जागेकडे तोंड करून, एकाच अकाउंटचे आल्ट (जादा कॅरेक्टर) रांगेने पार्क केलेले. लॉगिन करायचं, एक फटका मारायचा, लूट बघायची, लॉगआउट. पुढचा आल्ट. मेसेज नाही, नमस्कार नाही. त्या 'जागे'कडे वर मान करूनसुद्धा कोणी बघत नव्हतं. मी तर त्या वेळात दुसऱ्या स्क्रीनवर मालिका बघायचे.

उलट रीमिक्समध्ये मी पँडारिया पुन्हा पूर्ण फिरले. जेड फॉरेस्टपासून सुरुवात करून. अंधारकोठड्या, रेड, सीनॅरियो, सगळं. ब्राँझ काय आकाशातून पडत नव्हतं. ज्या भूमीचा तो सर्प, त्याच भूमीत हिंडून मिळवला. मग जागा हरवली कुठे?

टॉरेनराव

@हिलरबाई, ब्राँझ त्याच भूमीत मिळायचं हे मान्य. पण कशातून? सुरुवातीच्या दिवसांत टाइमलेस आयलंडवर अर्धी जनता बेडूक मारत बसली होती, आठवतंय ना? बेडूक भराभर उगवायचे म्हणून. शेवटी ते बंद करावं लागलं. बेडूक मारून शा ऑफ अँगरचा सर्प! सगळ्या वाटा एकाच नाण्यात वितळवल्या की माणूस सर्वांत छोटी वाट शोधणारच, त्यात खेळणाऱ्याचा दोष नाही. कोणती वस्तू कुठल्या गोष्टीतून आली हे मग वस्तूकडे बघून कळत नाही.

काळा मुरलॉक

मी दोघांशीही असहमत. गेलेली गोष्ट गेली. परत आणूच नका, ना दुकानात, ना जागेवर.

जानेवारी २००६ मध्ये अह्न'किराज या रेडची दारं उघडली. सगळ्या सर्व्हरने मिळून जखमेच्या पट्ट्या, तांब्याच्या विटा, शिजवलेले मासे जमा केले. राजदंडाची लांबलचक क्वेस्ट साखळी पुरी करून ज्याने घंटा वाजवली, आणि पुढच्या दहा तासांत ज्यांनी वाजवली, त्यांना काळा किराजी किडा (माउंट) मिळाला. बाकी कोणाला नाही. आजही एखादा त्यावर बसलेला दिसला तर मी थांबून बघतो. ती क्वेस्टच पुढे काढून टाकली, आणि माझ्या मते योग्यच केलं. तो किडा एका दिवसाचा पुरावा आहे.

आणि मेज टॉवर (एकट्याने झुंजायचं आव्हान) बघा. 'लीजन' विस्तारातली त्याच्या बक्षिसाची शस्त्ररूपं २०१८ मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये टॉवर परत आणला, पण बक्षिसं वेगळी ठेवली. नव्या लोकांना आव्हान मिळालं, जुन्यांची खूण शाबूत राहिली. ज्याने केलं ते बरोबर केलं.

हिलरबाई

@काळा मुरलॉक, त्या पट्ट्या कोणी शिवल्या हो? आमच्यासारख्यांनीच. लिननच्या पट्ट्यांचे गठ्ठे बांधून नेऊन द्यायचे, आणि किड्यावर बसून मिरवायला गिल्डमधला एक जण. त्याच्यासाठीही पुऱ्या गिल्डने महिनोन् महिने राबायचं. 'एका दिवसाचा पुरावा' म्हणे! तो पुरावा असलाच तर बाकीच्यांच्या उसाभरीचा आहे. (ह.घ्या. पण अगदीच हलकं नका घेऊ.)

गणिती गॉब्लिन

सगळे भावनेवर बोलताहेत म्हणून जरा आकडे.

एक टक्का ड्रॉप म्हणजे शंभर वेळा मारलं की मिळतोच, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. शंभर प्रयत्नांनंतरही साधारण १०० पैकी ३७ जण रिकाम्या हाताने परत जातात. तीनशे प्रयत्नांनंतरही पाच जण तसेच. आणि रेड आठवड्यातून एकदाच, म्हणजे एकच कॅरेक्टर असेल तर शंभर प्रयत्नांना जवळपास दोन वर्षं. मागच्या नव्व्याण्णव हेलपाट्यांची शंभराव्याला काडीची मदत नाही, कारण प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

आता 'इन्व्हिन्सिबल' घ्या, आर्थसचा, म्हणजे लिच किंगचा, घोडा. 'रॅथ ऑफ द लिच किंग'च्या काळात पंचवीस जणांच्या हिरोइक (सर्वांत अवघड) रेडमध्ये लिच किंग पाडला की घोडा पडायचाच. प्रत्येक वेळी. म्हणजे तेव्हा ती कसबाची खूण होती. पुढचा विस्तार आला, तेव्हा शक्यता एक टक्क्यावर आणली, आणि पुढे तर एकटा माणूसही लिच किंगला लोळवू लागला. आज तोच घोडा निव्वळ नशिबाची खूण आहे. जागा तीच, आइसक्राउन. सिंहासन तेच. टॉरेनरावांच्या नियमात हे चपखल बसतं, पण घोड्याचा अर्थ पूर्ण उलटला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तेव्हा 'जागा राखली की सगळं राखलं' हे मला पटत नाही.

टॉरेनराव

@गणिती गॉब्लिन, मुद्दा तगडा आहे. पण बघा, अर्थ उलटला तरी घोडा घ्यायला जाणारा प्रत्येक जण अजूनही त्याच पायऱ्या चढतो, साथीला आलेला टिरियन गोठलेला बघतो, शेवटचा तो संवाद ऐकतो (किंवा एस्केप दाबतो, ते सोडा). एखाद्याने हा विस्तार कधी खेळलाच नसेल, तरी घोडा कोणाचा हे त्याला कळतं. दुकानातून घेतला असता तर कळलं असतं? एक टक्क्याचं समर्थन मी करत नाहीये. तो आकडा निर्दय आहेच.

@काळा मुरलॉक, मेज टॉवरबद्दल अनुमोदन. कसबाची खूण वेगळी ठेवा, हरकत नाही. पण थेकलचा वाघ कसबाचा नव्हता हो, तोही नशिबाचाच होता. नशिबाच्या खुणेला कुलूप लावून काय राखलं?

नवशिक्या नाइट एल्फ

मी २०२४ मध्ये आलो, रीमिक्समधूनच. तो काळा सर्प माझ्याकडे आहे. तो इतका दुर्मिळ होता हे मला हा धागा वाचून कळलं. मी घेतला कारण काळा आणि लांब होता.

हे वाचून वाईट वाटावं की काय ते कळत नाही. मला तरी तो आवडतो, रोज वापरतो. ज्यांनी दहा वर्षं काढून मिळवला ते वापरतात का, की यादीत टिक करून पुढच्याच्या मागे लागतात? माझ्या गिल्डमध्ये एक काका आहेत, त्यांच्याकडे शेकडो माउंट आहेत आणि ते कायम एकाच तपकिरी मॅमथवर दिसतात, कारण त्यावर दुरुस्तीवाला बसलेला असतो.

हिलरबाई

@नवशिक्या, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. 'काळा आणि लांब होता' हे या धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक कारण आहे.

गणिती गॉब्लिन

रच्याकने, जागेचं म्हणाल तर माझ्या मते खरा बदल दुकानाचा नाही, कॅलेंडरचा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून ट्रेडिंग पोस्ट आहे. महिन्याला १००० टेंडर (तिथलं चलन), अर्धे नुसते हजेरीचे, अर्धे छोटी कामं करून. वस्तू महिनाभर दिसते, मग गायब. एकच वस्तू गोठवून ठेवता येते. म्हणजे एखादी टोपी हवी असेल तर कुठे जायचं हा प्रश्नच नाही, *कधी* यायचं एवढाच. बऱ्याच वस्तू पुढे परत येतात हे खरं, पण कधी ते सांगत नाहीत, आणि त्या अनिश्चिततेपोटीच लोक सबस्क्रिप्शन चालू ठेवतात. २०१० मध्ये २५ डॉलरचा चमचमता घोडा विकायला काढला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला तो व्यवहार यापेक्षा सरळ वाटतो. पैसे द्या, घोडा घ्या, झोपायला जा.

काळा मुरलॉक

+१. हे मात्र शंभर टक्के. बंद झालेलं कायमचं बंद, किंवा चालू ते कायमचं चालू. 'आज आहे, उद्या नाही, परवा बघू' हा तिसरा प्रकार डोक्याला ताप.

टॉरेनराव

ट्रेडिंग पोस्टबद्दल माझीही तीच कुरकुर. तिथल्या सुंदर सुंदर कपड्यांना ना गाव ना शिव.

आता हिलरबाईंच्या पार्क केलेल्या आल्टबद्दल. तो मुद्दा टाळून चालणार नाही. रांग लागली ती ड्रॉप एक टक्क्याच्याही कितीतरी खाली होता म्हणून. त्या आकड्याने जागेची रया घालवली. तोच सर्प शा ला चार-पाच वेळा पाडून मिळाला असता तर कोणी तिथे आल्टची चाळ बांधली नसती. चार आठवडे गेले असते, चारचौघं भेटले असते, सर्प घेऊन माणूस पुढे गेला असता. तेव्हा इलाज दुकान नाही, ड्रॉप आहे.

आणि बंद केलेल्या जागा परत उघडता येत नाहीत असंही नाही. डार्कशोअरला, सिलिथसला झिडोर्मी उभी आहे, तिला सांगितलं की जुन्या काळातला तो प्रदेश दाखवते. 'ड्रॅगनफ्लाइट' विस्तारात तर जुना स्कोलोमान्स (एक अंधारकोठडी) मागच्या दाराने परत आणला, जुन्या लुटीसकट. मग जुनं झुल'गुरूब का नाही?

गणिती गॉब्लिन

मग माझी सूचना: प्रत्येक रिकाम्या हेलपाट्याला शक्यता थोडी वाढवा. हे खेळात आहेच. 'फायर'अलाथ' कुऱ्हाडीच्या वेळी ती नाही पडली तर छोटा निखारा मिळायचा, तो वापरला की पुढच्या वेळची शक्यता वाढायची. तेच जुन्या माउंटना लावा. जागा टॉरेनरावांची, वेळ हिलरबाईंचा.

हिलरबाई

याला माझं अनुमोदन. आकड्यांत बसवून कोणीतरी माणुसकीची गोष्ट बोललं.

काळा मुरलॉक

माझं नाही. ठरावीक फेऱ्या मारल्या की मिळणारच, तर ते बक्षीस कसलं, हप्ते फेडल्यासारखं झालं.

गणिती गॉब्लिन

@काळा मुरलॉक, हप्ता तर आत्ताही दर महिन्याला जातोच. निदान निखारा तरी हातात पडू दे.

नवशिक्या नाइट एल्फ

तो दुरुस्तीवाला मॅमथ कुठे मिळतो?

काळा मुरलॉक

@नवशिक्या, डालारानमध्ये, नॉर्थरेंडवाल्या. माउंटच्या दुकानात मेई फ्रान्सिस म्हणून बाई आहे, तिच्याकडे. आधी सोनं जमवा, बक्कळ लागतं.