खात्याचं परिपत्रक कायद्यापेक्षा मोठं असतं का?

प्रश्न: कायद्यात परवान्यासाठी तीनच अटी आहेत. खात्याने परिपत्रक काढून चौथी घातली आणि तिच्यावर बोट ठेवून अर्ज फेटाळला. हे चालतं का?

प्रतिसाद १: सहसा नाही. उतरंड अशी: संविधान, कायदा, कायद्याने दिलेल्या अधिकारात केलेले नियम आणि तळाला परिपत्रक. आधी मूळ कायद्यात नियम करण्याचा अधिकार देणारं कलम शोधा. त्या कलमाबाहेर गेलेला नियमसुद्धा रद्द होऊ शकतो. परिपत्रक तर बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांना दिलेली सूचना. मात्र कायद्यातच "विहित केलेल्या इतर अटी" असे शब्द असतील तर गाडी अडते. मग ती अट रीतसर अधिसूचित, म्हणजे सरकारी राजपत्रात प्रसिद्ध, झाली होती का, ते पाहा.

प्रतिसाद २: फेटाळणीच्या आदेशात कारण दिलंय का? नुसतं "अर्ज अपात्र" असेल तर तोही मुद्दा होतो. चालू परवाना रद्द केला असता तर आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी सहसा लागतेच. इंग्लंडमधल्या १८६३ च्या कूपर खटल्यात स्थानिक बांधकाम मंडळाने मालकाला न विचारता घर पाडलं. कायद्यात सुनावणीचा उल्लेख नसूनही मंडळ हरलं.

प्रतिसाद ३: थेट कोर्टात धावू नका. खात्यांतर्गत अपिलाची सोय असेल तर कोर्ट बहुधा तिकडेच पाठवतं, आणि तोवर अपिलाची मुदत उलटलेली असते! मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजायची की तो हाती पडल्यापासून, हे कलमात वाचा. टपालाचा शिक्का असलेला लिफाफा फेकू नका. आणि जिंकलात तरी कोर्ट स्वतः परवाना क्वचितच देतं. आदेश रद्द करून फेरनिर्णयासाठी खात्याकडेच पाठवतं.